दवाखाना आणि घर यांच्या मधली जागा

नाशिक जिल्ह्यात 'पुनर्वसन' म्हटलं की आधी धरण आठवतं. पाण्याखाली गेलेलं गाव, पर्यायी जमीन आणि वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी माणसं. डॉक्टर हाच शब्द वापरतात तेव्हा तो कानाला जरा परका वाटतो. पण माझ्या आत्याच्या आजारपणानंतर मला तो तिथेही तंतोतंत बसतो असं वाटू लागलं. खुबा मोडलेली, पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेलेली, न्यूमोनियातून उठलेली म्हातारी माणसं आपल्याच घरी परत येतात, पण त्या घरातलं त्यांचं राहणं उठलेलं असतं. स्वयंपाकघर दहा पावलांवर असतं आणि ती दहा पावलं टाकता येत नाहीत. देवघर पलंगावरून दिसतं, पण तिथे जाऊन दिवा लावता येत नाही. घर तेच असतं आणि त्या घरातला माणूस विस्थापित झालेला असतो.

आत्या पंचवटीतल्या वाड्यात वाढली आणि सून म्हणून इंदिरानगरच्या घरात आली. एकोणऐंशीव्या वर्षी बाथरूममध्ये तिचा पाय घसरला. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, रॉड टाकला. सर्जनने एक्स-रे उजेडात धरून दाखवला. काम खरोखर सुरेख झालं होतं. सहाव्या दिवशी डिस्चार्ज. कागदावर गोळ्यांची नावं, टाके काढायची तारीख आणि शेवटच्या ओळीत दोन शब्द : 'फिजिओथेरपी, चालवणे'. कोणी चालवायचं, किती, कशाला धरून, याविषयी काही नव्हतं. आम्ही ब्युरोची बाई ठेवली. तिसऱ्या रात्री आत्या तिच्या वारलेल्या भावाशी बोलू लागली, चादर ओढून फाडू लागली. आम्हाला वाटलं, वयाने डोकं फिरलं. झोपेची गोळी वाढवली गेली. आठवडाभराने कळलं की लघवीत जंतुसंसर्ग होता, रक्तातलं सोडियम कमी झालं होतं आणि झोपेच्या गोळीने त्यात भर घातली होती. तोवर माकडहाडावर जखम झाली होती आणि तिच्या मनात उभं राहण्याची भीती बसली होती. "अगं, मला परत पाडू नका," एवढंच ती म्हणायची. ती पुन्हा उभी राहिली नाही. दहा महिन्यांनी गेली.

मी कोणावर आरोप करायला हे लिहीत नाही. सर्जनने त्याचं काम चोख केलं होतं. त्याच्या पुढचं काम कोणाचंच नव्हतं. या लेखाचा विषय ते पुढचं काम आहे आणि ते करू शकणारा डॉक्टर आहे.

त्याला वार्धक्यतज्ज्ञ म्हणतात, किंवा जेरियाट्रिशियन. आयुर्वेदाने आपल्या आठ अंगांमध्ये म्हातारपणाला स्वतंत्र जागा दिली होती. आधुनिक वैद्यकाला तशी जागा विसाव्या शतकात मिळाली. 'जेरियाट्रिक्स' हा शब्द इग्नाझ नॅशर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९०९ साली घडवला, पण या शास्त्राचं खरं रूप एका वॉर्डात दिसलं. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचं गरिबांचं आश्रयगृह ताब्यात घेतलं आणि तिथल्या ७१४ रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर आली. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले होते. याला काय झालंय, असा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. वॉरनबाईंनी एकेकाची तपासणी केली, निदान लिहिलं, ज्यांना उठवता येईल त्यांना उठवलं, भिंतींना धरायला कठडे लावले, आणि अनेकांना घरी पाठवलं. १९४३ साली त्यांनी हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला. अंथरूण हेच कित्येकांचं दुखणं झालं होतं, हे त्यांनी आधी ओळखलं.

अंथरुणाने होणाऱ्या या नुकसानाला आता मोजमापही आहे. २००७ साली अमेरिकेत साधारण ६७ वर्षं वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून पाहिलं. त्यांच्या पायांतली जवळजवळ एक किलो मांसपेशी गेली. ही धडधाकट माणसं होती. ऑपरेशन झालेली, चार घास खाणारी आणि रात्रभर जागी असलेली ऐंशीची बाई दहा दिवसांत किती गमावत असेल, याचा अंदाज घरातल्या कोणालाही येईल. म्हणून 'घरी जाऊन आराम करा' हा सल्ला म्हाताऱ्या माणसाला देताना जीभ अडखळायला हवी.

रुग्णालयातल्या पुनर्वसन विभागात नेमकं काय चालतं? बाहेरून पाहिलं तर तिथे भारी यंत्रं दिसत नाहीत. समांतर दांड्या, चार पायऱ्यांचा लाकडी जिना, वॉकर, उंच केलेला कमोड, कधी खोटं स्वयंपाकघर. सकाळी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नर्स, आहारतज्ज्ञ, गिळण्या-बोलण्याचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट आणि समाजसेवक एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक रुग्णाचं उद्दिष्ट ठरलेलं असतं आणि ते रुग्णाच्या भाषेत असावं लागतं. 'गुडघ्याचा कोन ९० अंश' हे फिजिओचं उद्दिष्ट झालं. आत्याला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं : देवापुढे उभं राहून निरांजन ओवाळायचं आहे आणि संडासला कोणाला हाक मारायची नाही.

प्रगती मोजायला मोजपट्ट्या असतात. सर्वांत प्रसिद्ध आहे १९६५ सालचा बार्थेल निर्देशांक. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी तो तयार केला. खाणं, अंघोळ, कपडे, शौच, चालणं, जिना अशा दहा गोष्टी आणि शंभर गुण. पण त्यात खाली मांडी घालून बसता येतं का, हा प्रश्न नाही. आपल्याकडे पंगत, पूजा, भाजी निवडणं, नातवाला झोपवणं, सगळं जमिनीवर. कृत्रिम खुबा बसवलेल्या माणसाला डॉक्टर बहुधा मांडी घालू देत नाहीत, उकिडवं बसू देत नाहीत. मग त्याने घरात बसायचं कुठे? ते काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं. तो घर पाहतो, उंबरठा मोजतो, भारतीय संडासावर खुर्ची बसवतो, देवघर हाताच्या उंचीला आणायला सांगतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे अंधारे, उभे लाकडी जिने ज्याने चढले आहेत त्याला ही बाब किरकोळ वाटणार नाही.

आणि या सगळ्यात डॉक्टर कशाला, फिजिओ पुरेसा नाही का? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. एक प्रसंग समजा. रुग्ण दांड्यांना धरून उभा राहतो आणि दोन मिनिटांत मटकन खाली बसतो. नोंद होते : सहकार्य करत नाही. वार्धक्यतज्ज्ञ त्याचा रक्तदाब आडवा असताना मोजतो आणि उभा करून पुन्हा मोजतो. उभं राहताच रक्तदाब कोसळतो असं दिसतं. मग औषधांची यादी काढतो : रक्तदाबाची दोन औषधं, प्रोस्टेटची एक गोळी, झोपेची एक, आणि ही सगळी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली. एक बंद केली, एकीची वेळ बदलली, आणि चौथ्या दिवशी तोच माणूस पाच मिनिटं उभा राहिला. बद्धकोष्ठ, न सांगितलेलं दुखणं, मोतीबिंदू, घरी विसरलेलं कानाचं यंत्र, जोडीदार गेल्याचं दुःख, यांतली कुठलीही गोष्ट व्यायामाला खीळ घालते. रात्रीची बडबड म्हणजे वेड नव्हे, बहुतेकदा ती शरीराच्या बिघाडाची हाक असते. ती ओळखणारा माणूस आमच्या घरी त्या तिसऱ्या रात्री हवा होता. पडलेला माणूस पुन्हा पडू नये याची काळजीही हाच डॉक्टर घेतो. खुबा मोडल्यानंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक आम्लाचं इंजेक्शन दिल्याने मृत्यूंचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, असं २००७ सालच्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. हाड जोडलं जातं, पण हाड मुळात ठिसूळ का झालं याचा उपचार बहुतेकांना मिळत नाही.

असे विभाग खरंच उपयोगी पडतात का, याचं उत्तर सुदैवाने मतांवर सोडलेलं नाही. वृद्धांसाठी खास आखलेल्या आंतररुग्ण पुनर्वसनाच्या १७ चाचण्या आणि ४,७८० रुग्ण एकत्र करून २०१० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष आला : असे रुग्ण अधिक हिंडते-फिरते होतात, कायमच्या शुश्रूषागृहात कमी जातात, मृत्यूही कमी होतात. २०१७ सालच्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्या आणि १३,७६६ रुग्ण होते. त्यातही वार्धक्यतज्ज्ञाच्या चमूने सर्वांगीण तपासणी करून उपचार आखले तर माणूस जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता वाढते, असं दिसलं. 'स्वतःच्या घरी' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. एवढ्या साध्या गोष्टीला वैद्यकाने यशाचं माप मानलं आहे.

जपानने २००० सालापासून यासाठी वेगळे वॉर्ड उभे केले. आजार ओसरला की रुग्ण तिथे जातो, दिवसाला तीन तासांपर्यंत थेरपी मिळते, खुबा मोडलेल्याला ९० दिवसांपर्यंत आणि अर्धांगवायूच्या रुग्णाला १५० ते १८० दिवसांपर्यंत राहता येतं, आणि विमा पैसे देतो. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज या किनाऱ्यावरच्या गावात अस्थिशल्यचिकित्सक मायकेल डेव्हस आणि वार्धक्यतज्ज्ञ बॉबी अर्विन एकाच वॉर्डात, एकाच रुग्णाभोवती फिरू लागले आणि त्यातून एक नवी शाखा जन्मली. २०१० पासून इंग्लंडमध्ये खुबा मोडलेल्या रुग्णावर ३६ तासांत शस्त्रक्रिया झाली आणि ७२ तासांत वार्धक्यतज्ज्ञाने त्याला तपासलं, अशा अटी पाळल्या तर रुग्णालयाला जादा पैसे मिळतात. व्यवस्था बदलायची तर पैशाची वाट बदलावी लागते, हे त्यांनी ओळखलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ब्रिटनमध्ये ही शाखा कोणी वाढवली? स्थानिक डॉक्टर हृदयरोग आणि शस्त्रक्रियेकडे धावत होते. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात जायला फारसं कोणी तयार नव्हतं. भारत आणि शेजारच्या देशांतून गेलेल्या डॉक्टरांना मानाच्या शाखांची दारं बंद असायची आणि हे दार उघडं असायचं. त्यांनी जुन्या आश्रयगृहांचे वॉर्ड साफ केले, पुनर्वसनाचे विभाग उभे केले, पुढच्या पिढ्या शिकवल्या. त्यांच्या मुलाखती आज ब्रिटिश लायब्ररीत जतन केल्या आहेत. आज वार्धक्यवैद्यक ही ब्रिटनमधल्या फिजिशियनांच्या सर्वांत मोठ्या शाखांपैकी एक आहे. आपल्या मुलांनी परक्यांच्या आईबापांना उभं केलं. हे मी अभिमानाने लिहिते, आणि तितक्याच तळमळीने विचारते की तेच काम नाशिकमध्ये का होऊ नये.

भारतात या शाखेचा पाया मद्रासला घातला गेला. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली तिथल्या सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि १९९६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात एमडीचा अभ्यासक्रम आला. २०१०-११ मध्ये केंद्राने वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्याच्या पहिल्या आठ प्रादेशिक केंद्रांत मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय आहे. याच कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात वृद्धांचं स्वतंत्र बाह्यरुग्ण केंद्र आणि दहा खाटांचा वॉर्ड, आणि ग्रामीण रुग्णालयात पुनर्वसन कक्ष असावा असं कागदावर ठरवून दिलं आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही रुग्णालयातल्या खाटांचा उल्लेख आहे.

आता नाशिककडे बघू. इंडिया सिक्युरिटी प्रेस, करन्सी नोट प्रेस, ओझरचं एचएएल, मायको, सातपूर-अंबडचे कारखाने. साठ-सत्तरच्या दशकांत जी तरुण माणसं इथे नोकरीला लागली, ती आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पेन्शन आहे, फ्लॅट आहे, ज्येष्ठ नागरिक संघाची सकाळची बैठक आहे, आणि मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा ऑस्ट्रेलियात आहेत. देशात २०२२ साली साठीपुढची माणसं १०.५ टक्के होती. २०५० पर्यंत ती २०.८ टक्के होतील, असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो. कॉलेज रोडच्या कुठल्याही सोसायटीत दुपारी चक्कर मारली तर ते २०५० साल आताच भेटतं.

गंमत म्हणजे आजारपण आणि घर यांच्या मधली जागा नाशिकला नवी नाही. देवळाली हे शतकभराहून अधिक काळ हवापालटाचं गाव. ब्रिटिश फौजेचा तळ तिथे होता, पारशी आणि गुजराती समाजांनी सॅनिटोरियम बांधली. मुंबईचा डॉक्टर सांगायचा, "आता देवळालीला महिनाभर राहून या." बरं होणं आणि सशक्त होणं यांत अंतर असतं आणि ते पार करायला वेगळी जागा लागते, ही समज आपल्याकडे होती. खाटा झपाट्याने रिकाम्या करण्याच्या घाईत ती हरवली.

आणि साधनसामग्री? राज्यभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे, याच संस्थेचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे. २०२१ च्या कायद्याने फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाची चौकट मिळाली. हात आहेत, मेंदू आहेत. त्यांना एका टेबलाभोवती बसवणारा डॉक्टर हवा.

म्हणून ज्यांची मुलं-मुली एमबीबीएस करत आहेत, किंवा इंटर्नशिप संपवून नीट-पीजीच्या तयारीत आहेत, त्यांच्याशी थोडं बोलते. समुपदेशनात रेडिऑलॉजी आणि त्वचारोग आधी भरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. वार्धक्यवैद्यकात एमडी किंवा डीएनबी तीन वर्षांचं असतं, जागा कमी असतात, पण त्यांच्यासाठी आधी भरणाऱ्या शाखांसारखी चुरस नसते. एमडी मेडिसिन किंवा फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशन करूनही या कामात येता येतं. त्या दुसऱ्या शाखेचं जुनं घर म्हणजे मुंबईत हाजी अलीला १९५५ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था. दवाखाना चालवणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी इग्नूची वार्धक्यवैद्यकातली पदव्युत्तर पदविका आहे. तिने कोणी स्पेशालिस्ट होत नाही, पण आपल्याच रुग्णांकडे बघण्याची नजर बदलते.

नोकऱ्या कुठे आहेत? बंगळुरू, हैदराबाद, चेन्नईत ऑपरेशननंतरच्या पुनर्वसनाची स्वतंत्र केंद्रं निघाली आहेत आणि त्यांना वैद्यकीय प्रमुख लागतात. मोठ्या रुग्णालयांच्या अस्थिरोग आणि मेंदुविकार विभागांना असा सहकारी हवा असतो, कारण म्हातारा रुग्ण गुंतागुंतीचा असतो आणि सर्जनला त्या गुंत्यासाठी वेळ नसतो. नाशिकमध्ये मात्र तयार खुर्ची मिळण्याची वाट पाहू नये. इथे पहिला येणारा डॉक्टर आपली खुर्ची स्वतः बनवेल. दोन अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून, एखाद्या मध्यम रुग्णालयाचा अर्धा मजला घेऊन, आठ-दहा खाटांनी सुरुवात करता येईल. या कामाला कॅथलॅब लागत नाही. रोजचा वेळ लागतो आणि माणसं टिकवावी लागतात.

अडचण पैशाची आहे आणि ती लपवू नये. विम्याची आणि सरकारी योजनांची पॅकेजं शस्त्रक्रियेभोवती बांधलेली आहेत. रॉडचे पैसे मिळतात, पण रॉड टाकलेल्या पायावर उभं राहायला शिकवण्याच्या तीन आठवड्यांचं बिल बहुधा घरच्यांवर येतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतचं संरक्षण मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. त्या संरक्षणात पुनर्वसनाचे दिवस आले नाहीत तर ते अर्धवट राहील, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनी एसटीच्या सवलतीसाठी जशी चिकाटी दाखवली तशी या मागणीसाठी दाखवावी.

या कामाला स्वभाव लागतो. इथे यश एका दिवसात येत नाही आणि त्याचा फोटो काढता येत नाही. तीन मीटर चालून परत खुर्चीत बसायला सोमवारी ४० सेकंद लागले आणि पुढच्या सोमवारी २६, एवढीच बातमी असते. ज्याला त्या चौदा सेकंदांचा आनंद होतो, त्याने यावं.

जिल्हा रुग्णालयाच्या दहा खाटांविषयी तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या सभेत विचारा. ते विचारणं हा आपला हक्क आहे. आणि घरातल्या कुणाचा डिस्चार्जचा कागद हातात येईल तेव्हा सही करण्याआधी डॉक्टरांना थांबवून विचारा : यांना उभं कोण करणार, आणि कुठे? आम्ही विचारलं नव्हतं.